राजकारणावर न गाणारा रॉक बँड तुरुंगात कसा गेला?

तिरपी_तान (धागाकर्ता)

रॉक आणि राजकीय निषेध हा विषय निघाला की आपल्या गप्पा व्हिएतनाम, वूडस्टॉक, डिलन याच रस्त्याने जातात. मलाही ती गाणी आवडतात. पण गेली काही वर्षं मी एका वेगळ्याच बँडच्या मागे लागलोय आणि मराठीत त्यांच्याबद्दल सलग काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

बँडचं नाव प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स. गाव प्राग. २१ ऑगस्ट १९६८ला सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले आणि त्यानंतर महिन्याभरात सतरा वर्षांच्या मिलान ह्लावसाने हा बँड काढला. नाव घेतलं अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाच्या गाण्यावरून, आवाज न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडच्या वळणाचा. पुढे त्यांना इव्हान यिरोउस भेटला. तो कला-इतिहासकार. मित्र त्याला 'मागोर' म्हणत, म्हणजे साधारण 'वेडपट'. बँडमध्ये तो काही वाजवत नव्हता, पण बँडची दिशा त्याची.

रणगाडे आल्यानंतरच्या काळाला तिथल्या सरकारने नाव दिलं होतं 'सामान्यीकरण'. त्यात संगीतकारांनाही परवाना लागायचा. केस कापा, इंग्रजी नावं सोडा, समितीसमोर वाजवून दाखवा, मग परवाना. प्लास्टिक पीपल यात बसले नाहीत. १९७०मध्ये त्यांचा व्यावसायिक परवाना गेला आणि त्याबरोबर सरकारी वाद्यं आणि तालमीची जागाही गेली. योसेफ यानिचेक आधी मोटार मेकॅनिक होता. त्याने जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंचे भाग जोडून अँप्लिफायर बनवले!

परवाना नाही म्हणजे पैसे घेऊन वाजवायचं नाही. यिरोउस मात्र कलावंतांच्या संघाचा सभासद होता आणि त्याला व्याख्यान द्यायची मुभा होती. म्हणून तो अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलवर व्याख्यान ठेवायचा. थोड्या स्लाइड दाखवायचा आणि मग बँड व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची गाणी 'प्रात्यक्षिक' म्हणून दोन-दोन तास वाजवायचा. तेही बंद झाल्यावर लग्नाचे कार्यक्रम उरले. खेड्यातलं लग्न, निमंत्रित पाहुणे, त्यात हा बँड. ठिकाण आदल्या दिवशी कानोकानी कळायचं आणि लोक गाडीतून उतरून रानातून चालत जायचे.

मार्च १९७४मध्ये चेस्के बुद्येयोवित्सेजवळ असाच कार्यक्रम होता. पोलीस वाटेतच उभे होते. पोरापोरींना झोडपून त्यांनी परतीच्या गाड्यांत कोंबलं. २१ फेब्रुवारी १९७६ला बोयानोवित्से गावात खुद्द यिरोउसच्या लग्नात हे लोक वाजले आणि महिन्याभरात धरपकड सुरू झाली. सप्टेंबरमध्ये खटला चालला. यिरोउसला अठरा महिने, डीजी ३०७ या दुसऱ्या बँडच्या पावेल झायिचेकला बारा, सॅक्सोफोन वाजवणाऱ्या ब्राबेनेत्सला आठ आणि स्वातोप्लुक कारासेक नावाच्या गाणाऱ्या पाद्र्याला आठ.

गुन्हा काय? सार्वजनिक शांततेचा भंग. सरकारला हा खटला राजकीय दिसू द्यायचा नव्हता. शिवराळ शब्द वापरणारी गुंड पोरं, असं चित्र उभं करायचं होतं. गाणी होती तरी कशावर? एगॉन बाँडी या कवीच्या कवितांना ते चाली लावायचे आणि त्यातली एक कविता चक्क बद्धकोष्ठावर आहे. पक्षावर, रशियावर, रणगाड्यांवर घोषणा देणारं यात काही नव्हतं.

त्या कोर्टाच्या इमारतीत नाटककार वात्स्लाव हावेल हजर होते. लेखक, तत्त्वज्ञ, पक्षातून काढून टाकलेले जुने साम्यवादी, चर्चची माणसं हे एरवी एकमेकांशी फारसं न बोलणारे लोक या पोरांमुळे एकत्र आले. जानेवारी १९७७मध्ये 'चार्टर ७७' बाहेर पडलं, म्हणजे सरकारने मानवी हक्क पाळावेत अशी मागणी करणारं, सह्यांचं जाहीर निवेदन. त्याचे पहिले तीन प्रवक्ते हावेल, माजी परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक आणि यान पातोचका. पातोचका सत्तरीला टेकलेले तत्त्वज्ञ, फेनोमेनॉलॉजीचा, म्हणजे माणसाच्या अनुभवाचा वेध घेणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेचा, अभ्यास केलेले. त्यांनी या लांब केसांच्या पोरांच्या बाजूने लेख लिहिला. मार्चमध्ये लांबलेल्या पोलीस चौकशीनंतर त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि १३ मार्चला ते गेले.

मला वाटतं, निषेध शब्दांत असायलाच हवा ही आपली समजूत इथे तोकडी पडते. तुम्हाला काय वाटतं?

---

मीठभाकर

लेख आवडला, नवीन माहिती मिळाली. पण शेवटचं वाक्य मला पटत नाही.

सरकारने मारलं म्हणून ते निषेधाचं संगीत झालं, असं म्हटलं तर कर्तेपण सरकारकडे जातं. उद्या एखाद्या सरकारने भेळवाल्याला आत टाकलं तर भेळ निषेधाची होईल का? याला मी छळ म्हणेन.

माझ्यासाठी निषेधाचं गाणं म्हणजे नील यंगचं 'ओहायो'. ४ मे १९७०ला केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने तेरा सेकंदांत सदुसष्ट गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी मेले. यंगने मासिकातले फोटो पाहिले, गाणं लिहिलं आणि २१ मे रोजी ते ध्वनिमुद्रित झालं. मधे सतरा दिवस. गाण्यात राष्ट्राध्यक्ष निक्सनचं नाव सरळ घेतलंय. काही रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. इथे गाणाऱ्याने ठरवून, नाव घेऊन बोट दाखवलंय. या धाडसाला तेवढं श्रेय द्यायलाच हवं.

---

जुना_ट्रान्झिस्टर

मीठभाकर, तुमचा मुद्दा रास्त आहे. पण ठरवून लिहिलेल्या गाण्याचं पुढे काय होतं तेही बघा. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए' हे व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या सैनिकाचं गाणं. कडवी ऐकली तर पोटात खड्डा पडतो. पण ध्रुवपद असं दणदणीत की सप्टेंबर १९८४मध्ये रेगन साहेब न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचं कौतुक करून गेले. 'फॉर्च्युनेट सन'चंही तेच झालं. श्रीमंतांची पोरं युद्धातून सुटतात म्हणून चिडून लिहिलेलं गाणं, आणि २०२०मध्ये ट्रम्प यांच्या सभांत वाजत होतं. शेवटी ते लिहिणाऱ्या जॉन फोगर्टीला वकिलाकरवी ते थांबवायला सांगावं लागलं.

म्हणजे शब्द स्पष्ट असूनही ऐकणारा हवं तेवढंच ऐकतो. आणि प्रागमध्ये शब्द बद्धकोष्ठाचे असून लोकांनी त्यात स्वातंत्र्य ऐकलं. मला या दोन टोकांचं फार आश्चर्य वाटतं.

---

रानजाई

अवांतर नाही, विषयालाच धरून आहे. 'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग आठवा. पिंक फ्लॉइडने तो इंग्लंडमधल्या शाळांवर लिहिला. १९८०मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शाळकरी मुलांनी वर्णद्वेषी सरकारच्या शिक्षणावर बहिष्कार टाकला तेव्हा तेच गाणं हाती घेतलं. सरकारने गाण्यावर बंदी घातली. गाणं लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सच्या डोक्यात केप टाउन नव्हतं, पण गाणं तिथे जाऊन पोचलं आणि त्या मुलांचं झालं.

माझी आई शिक्षिका होती आणि हे गाणं घरात लावलं की तिला राग यायचा. ही आफ्रिकेची गोष्ट तिला सांगितल्यावर एकदा तिने स्वतःहून लावायला सांगितलं.

---

कऱ्हाडकर

तिरपी तान, तुम्ही १९७६ साल लिहिलंत आणि मी थांबलो. त्याच वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवा. आणीबाणी.

किशोर कुमार यांनी सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला आणि मे १९७६पासून त्यांची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून गायब झाली. गाणी कसली, तर प्रेमाची, पावसाची, गमतीची. त्यांत राजकारणाचा 'र' नाही. पण तो आवाज रेडिओवर नाही हे घराघरात कळलं होतं आणि त्या गप्प रेडिओचा अर्थ मोठी माणसं हळू आवाजात एकमेकांना सांगत होती. मी तेव्हा शाळेत होतो. तुमच्या प्रागच्या गोष्टीचं हे सख्खं भावंड आहे.

त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९७५ला, आमच्या कऱ्हाडात साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्षा दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. त्यांच्या उपस्थितीत दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध बोलायचं ते बोलून घेतलं आणि आजारी जयप्रकाशांसाठी सभेला प्रार्थनेला उभं केलं. वडील मांडवात होते. पुढे आयुष्यभर ते हा प्रसंग सांगताना खुर्चीतून उठायचे.

मीठभाकर, दुर्गाबाई तुमच्या 'ओहायो'च्या बाजूला बसतील आणि किशोरदा प्लास्टिक पीपलच्या. मला दोघेही हवेत.

---

मीठभाकर

कऱ्हाडकर काका, नमस्कार. हा प्रतिसाद जपून ठेवला आहे. किशोरदांचं उदाहरण माझ्या मुद्द्याला छेद देतं हे मान्य. पण त्यांनी 'नाही' म्हटलं, ती कृती होती. माझा प्रश्न तसाच आहे: प्लास्टिक पीपलनी 'नाही' कधी म्हटलं?

---

तिरपी_तान

मीठभाकर, चांगला प्रश्न. त्यांनी 'नाही' म्हटलं ते परवान्याच्या वेळी. केस कापून, नाव बदलून, चार गोड गाणी समितीसमोर वाजवली असती तर वाद्यं परत मिळाली असती. अनेकांनी तेच केलं. यांनी रेडिओचे सुटे भाग जोडून वाजवणं पत्करलं आणि बँडमधली माणसं मिळेल ती अंगमेहनतीची कामं करत राहिली.

यिरोउसला हे नीट कळलेलं होतं. फेब्रुवारी १९७५च्या लेखात त्याने 'दुसरी संस्कृती' हा विचार मांडला. सरकारी संस्कृतीशी भांडायचं नाही, तिच्याकडून मान्यता मागायची नाही, तिच्याशेजारी आपली वेगळी उभी करायची. त्यापायी त्याची आयुष्यातली आठ वर्षांहून अधिक तुरुंगात गेली, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. मला यात 'नाही' अगदी स्वच्छ ऐकू येतं. तुमच्या भेळवाल्याने भेळेची गाडी हलवायला नकार देऊन आठ वर्षं तुरुंग भोगला, तर मी त्या भेळेलाही निषेध म्हणेन.

---

सहावी_तार

मी गिटार वाजवते, त्यामुळे थोडं संगीताबद्दल.

या बँडला 'राजकीय नाही' म्हणणं मला जड जातं, कारण त्यांचा आवाजच त्या वातावरणाविरुद्ध आहे. तेव्हाचं तिथलं सरकारमान्य पॉप ऐका. कारेल गॉटचा साजूक तुपातला आवाज, मागे व्हायोलिनचा ताफा, सगळं आलबेल. आणि मग हे ऐका. ह्लावसाचा बेस एकच जाड, जड तुकडा घेतो आणि तो सोडतच नाही. आपल्याकडे दिंडीत पखवाज एका ठेक्यावर बसतो तसा. त्यावर काबेशचा व्हायोला करवतीसारखा चालतो आणि ब्राबेनेत्सचा सॅक्सोफोन मधेच किंचाळून गप्प होतो. गाणारा गात नाही, बजावतो. पहिल्यांदा ऐकताना मला त्रास झाला. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं की हा त्रास खोटं गोड बोलण्याला दिलेलं उत्तर आहे. समितीने त्यांना नाकारताना संगीत रोगट आहे, समाजावर वाईट परिणाम होईल असं म्हटलं होतं. समितीचे कान चांगले होते, एवढंच म्हणेन. त्यांनी धोका बरोबर ऐकला.

हेडफोन लावून ऐका. १९७४-७५मध्ये होउस्का नावाच्या किल्ल्यात केलेलं ध्वनिमुद्रण आहे, कुठल्याही स्टुडिओशिवाय. टेप देशाबाहेर नेली आणि १९७८मध्ये फ्रान्समध्ये तबकडी निघाली.

---

नेवाकाठ

सहावी तार, सुंदर लिहिलंत. रशियात अशीच गोष्ट व्हिक्टर त्सोईच्या 'कीनो' या रॉक बँडची. हा माणूस लेनिनग्राडमध्ये बॉयलर रूममध्ये कोळसा टाकायचं काम करायचा. बदलाची वाट बघणारं त्याचं गाणं आहे, त्यात हातातली सिगारेट आणि टेबलावरचा चहा आहे. १९८७च्या एका सिनेमात शेवटी ते आलं आणि साऱ्या सोव्हिएत युनियनमध्ये पसरलं. त्सोई १५ ऑगस्ट १९९०ला लाटव्हियात मोटार अपघातात गेला, अठ्ठावीस वर्षांचा. आणि ऑगस्ट २०२०मध्ये मिन्स्कमध्ये सरकारने भरवलेल्या कार्यक्रमात दोन ध्वनितंत्रज्ञांनी तेच गाणं लावलं. दोघांना दहा दिवसांची कोठडी झाली.

त्याच्या आधीच्या पिढीचा एक तपशील मला झोपू देत नाही. पन्नाशीच्या दशकात तिथे बंदी असलेलं पाश्चात्त्य संगीत लोक दवाखान्यातल्या टाकाऊ एक्स-रे फिल्मांवर कोरून ऐकायचे. फिल्म गोल कापायची, मधे भोक पाडायचं, तबकडी तयार. उजेडात धरली की कुणाच्या तरी बरगड्या दिसायच्या.

---

मध्यरेल्वे

दोन ओळी आठवणीच्या. ३० सप्टेंबर १९८८, दिल्ली, जवाहरलाल नेहरू स्टेडियम. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला चाळीस वर्षं झाली म्हणून अ‍ॅम्नेस्टीने जगभर दौरा काढला होता. स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन, युसू न्दूर. आम्ही तिघे मित्र मुंबईहून आरक्षणाशिवाय गेलो, दाराशी पेपर पसरून बसत. एवढ्या मोठ्या मैदानात चॅपमन एकटी गिटार घेऊन उभी राहिली तेव्हाची शांतता अजून कानात आहे.

तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं की दोनच महिन्यांपूर्वी, १९ जुलैला, स्प्रिंगस्टीन पूर्व बर्लिनमध्ये दीड लाखाहून जास्त लोकांसमोर वाजवून आला होता. कार्यक्रम सरकारी युवक संघटनेनेच ठेवलेला. तिथे त्याने जर्मनमध्ये छोटं भाषण केलं. एक दिवस सगळे अडसर पडोत, असं म्हणाला. मूळ मजकुरात 'भिंती' होतं, ऐन वेळी तो शब्द बदलला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. गाण्यामुळे पडली असं मी म्हणणार नाही, पण त्या गर्दीतल्या पोरांच्या छातीत त्या रात्री काहीतरी हललं असणार. माझ्या हललं होतं.

---

चौकटीबाहेर

सगळे गौरव करताय म्हणून एक कडू गोष्ट मांडतो. ज्या एगॉन बाँडीच्या कवितांवर ही गाणी उभी आहेत, तो कवी गुप्त पोलिसांना माहिती पुरवत होता हे नंतर उघड झालं. मग त्या शब्दांचं काय करायचं?

---

तिरपी_तान

चौकटीबाहेर, हे लिहायला हवंच होतं, मूळ लेखात ते लिहायचं राहून गेलं ही माझी चूक. मला याचं समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. त्या कविता चांगल्या आहेत आणि माणसाने मित्रांचा घात केला, दोन्ही खरं आहे. गाणी ऐकताना आता मला ते दोन्ही ऐकू येतं. त्याच्या शब्दांवर ज्यांनी गायलं, त्यांनी किंमत मोजली. यापलीकडे मला न्याय करता येत नाही.

ब्राबेनेत्सला तर पोलिसांनी इतकं छळलं की १९८२मध्ये तो देश सोडून कॅनडाला गेला. १९९७ला, चार्टरच्या विसाव्या वर्षी, हावेल यांच्या आग्रहावरून बँड पुन्हा एकत्र वाजला. तोवर हावेल राष्ट्राध्यक्ष झालेले. ह्लावसा २००१च्या जानेवारीत कर्करोगाने गेला, पन्नाशीही न गाठता.

---

व्लतावाकाठची

मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं प्रागमध्ये आहे. धागा दोन दिवस वाचतेय, आज लिहायला वेळ मिळाला.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, निवृत्त शिक्षिका. माझ्या मुलीला चेक शिकवतात, आम्ही त्यांना पोळीभाजी देतो. परवा त्यांना या धाग्याबद्दल सांगितलं. बँडचं नाव ऐकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, १९७७मध्ये त्या शाळेत नव्या लागल्या होत्या. मुख्याध्यापकांनी सगळ्यांना बोलावलं आणि चार्टरचा धिक्कार करणारा ठराव पुढे केला. चार्टरमध्ये काय लिहिलंय ते वाचायला मात्र कुणालाच दिलं नाही. न वाचताच धिक्कार. त्यांनी सही केली.

हे इथे सगळीकडे झालं, कारखान्यांत, कचेऱ्यांत. त्या जानेवारीत कलावंतांना तर राष्ट्रीय रंगमंदिरात जमवून चार्टरविरोधी जाहीरनाम्यावर सह्या घेतल्या, कॅमेऱ्यासमोर. पुढच्या आठवड्यात गायक-संगीतकारांचा मेळावा झाला, त्यात सहावी तारने लिहिलेला कारेल गॉटही होता. इथे आजही म्हातारी माणसं एकमेकांना विचारत नाहीत, तू सही केली होतीस का म्हणून.

मी आजींना विचारलं, मग तुम्ही तो बँड कधी ऐकलात? म्हणाल्या, कधीच नाही. तेव्हा मिळत नव्हता आणि नंतर धीर झाला नाही.

काल संध्याकाळी त्यांनी स्वतःच विषय काढला. मी फोनवर होउस्का किल्ल्यातलं ध्वनिमुद्रण लावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी तीन गाणी ऐकली. शब्द त्यांना कळत होते, मला अर्धेच. बद्धकोष्ठाच्या गाण्याला त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. गाणं संपल्यावर चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "यासाठी घेतली होती आमची सही?"

मग म्हणाल्या, पुढचं लाव.